गोदूबाईंचा नवा जोड

सातपाटीच्या मासळी बाजारात मासळी विकायला बसलेल्या आपल्या आईचा, गोदूबाईंचा, पाय एक अनोळखी तरुण हातात धरून बसलाय, हे हेमांगीने लांबूनच पाहिलं आणि तिची चाल वाढली. तारापूरच्या एका औषध कारखान्यात ती माल तपासायची. दिवसभर खोट शोधायची सवय सुटीच्या दिवशी तरी कुठे जाणार?

“काय चाललंय इथे?”

त्याने मान वर केली. हातात शाई लागलेला कागद, गालावरही शाईचं बोट. “तळव्याचा ठसा घेतोय… मी ललित. मधुमेहाच्या पेशंटसाठी मापाच्या चपला बनवतो, बोईसरला. पालघरच्या डॉक्टरांनी मावशींचं नाव सुचवलं.”

“कुठल्या डॉक्टरांनी? नंबर द्या.”

तिने तिथेच फोन लावला. डॉक्टर हो म्हणाले, तरी तिच्या कपाळावरची आठी गेली नाही. तेवढ्यात ललितने कागद उजेडात धरला आणि त्याचं हसू मावळलं. टाचेच्या ठशात लाल ओल होती. त्याने पाय हळूच उचलून पाहिला. टाचेत माशाचा काटा रुतला होता.

“मावशी, दुखत नाही?”

“कुटं काय? मला तं कळलाच नाय!” गोदूबाई हसल्या.

हेमांगी खाली वाकून टाच बघू लागली. शेजारच्या झुंबरकाकूंच्या पायाचा अंगठा अशाच न कळलेल्या जखमेपायी कापावा लागला होता.

काटा डॉक्टरांनी काढला. जखम भरेपर्यंत ललितने जोड तयार केला.

“बाजारात मिळतात त्या चपला कोरड्या फरशीवर चालायला,” तो म्हणाला. “इथे खारं पाणी, बर्फ, खवले. चामडं कडक होतं, मग तेच टोचतं. म्हणून मी वेगळं काही करून बघतोय.”

“यात तुमचा फायदा काय?”

“कुणीतरी तुमच्यासारखं खोट काढून दाखवेल… हाच.”

सुरुवातीला रोज तासभरच घालायच्या, आणि संध्याकाळी पाय नीट तपासायचे, असं ठरलं. हेमांगी आईचं बोट न् बोट बघायची. सातच्या ठोक्याला ललितचा फोन यायचा.

“आज काय सापडलं?”

“काहीच नाही. म्हणून जास्त संशय येतोय.”

“चपलेचा की माझा?”

“…दोघांचा.”

बोलणं चपलेवरून कँटीनच्या आमटीवर जायचं, तिथून आणखी कुठे कुठे. फोन ठेवला की ती स्वतःशीच चिडायची. हा इतकं गोड का बोलतो? आणि साडेसहापासून मी घड्याळ का बघते?

पाचव्या दिवशी करंगळीजवळ लाल चट्टा दिसला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, चपला पिशवीत घालून हेमांगीने बोईसर गाठलं. वर्कशॉपच्या भिंतीवर आईच्याच पायाचा मोठा ठसा लावलेला, त्यावर लाल खुणा!

“प्रयोगाला माझीच आई सापडली तुम्हाला?”

ललितने उलट शब्द काढला नाही. चपलेत बोट फिरवलं, मग तिच्यादेखत सुरीने पट्टा कापला. “चूक माझी आहे. ओला होऊन आखडलाय. दुसरा जोड करतो.”

भांडण जिंकूनही तिला चैन पडेना. इतक्या सहज चूक कबूल करतं कुणी? नक्की काहीतरी लपवतोय. घरी येऊन तिने सगळं सांगितलं, तशा गोदूबाईंनी हातातले बोंबील खाली ठेवले.

“त्याची चूक नाय गो. तो बोलला तासभर, मी दिसभर घातल्या. बाजारात सगळ्या बघत व्हत्या ना! काल फोनवर त्याला सांगितला मी. तर बोलला, हेमांगीला नका सांगू, तुमाला ओरडंल.”

हेमांगीने खाली बसून बोंबील निवडायला घेतले.

नवा जोड आठवड्याने आला. आतून शिलाई नाही, पट्टा मऊ आणि पाय सुजला तरी सैल करता येणारा. यावेळी गोदूबाईंनी शब्द पाळला. तास हळूहळू वाढवले. महिनाभराने त्या दिवसभर चपला घालून बाजारात बसल्या आणि पाय स्वच्छ राहिले. त्या संध्याकाळी ललित बंदरावर आला. होड्या लागत होत्या, वारा सुटला होता.

“खोटं का बोललात?” हेमांगीने सरळ विचारलं.

“खोटं कुठे? मावशी दिवसभर बाजारात असतात, हे मी आधीच धरायला हवं होतं. तासभराची चप्पल त्यांच्या काय कामाची?”

“आणि?”

“आणि… तुम्ही रागावलात की स्वतः येता. फोनवर भागत नाही तुमचं.”

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. “तुम्हाला नक्की काय हवंय, ललित?”

तो जरा अडखळला. “रोज तुमच्याशी बोलायला मिळावं… चपलेचं निमित्त न काढता.”

हेमांगी त्याच्याकडे बघत राहिली. कॉलरवर डिंकाचा डाग, लाल झालेले कान, आणि तिच्यावरून न हललेली नजर. सवयीने तिने खोट शोधली. पण ती सापडू नये असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

“रविवारी जेवायला या,” ती पुटपुटली. “आईने बोलावलंय, असं मी शेजारीपाजारी सांगेन… पण बोलावतेय मी.”