दोन जातींची सायकल

"जयभीम. खासगी तपास करणारे माणिकप्पा इथंच बसतात ना?"

दारात एक ठेंगणी, पंचविशीची बाई उभी होती. अंगावर नर्सची पांढरी साडी, चपला धुळीनं माखलेल्या.

सोलापुरातल्या त्या एका खोलीच्या कार्यालयात ज्ञानोबा पंख्याखाली पेंगत होते. एसटीतून निवृत्त झालेले हे कंडक्टर माणिकप्पांच्या प्रत्येक तपासात सोबत असत. ते दचकून "रामराम" म्हणाले.

"जयभीम. बसा," माणिकप्पा म्हणाले. पूर्वी ते विमा कंपनीसाठी अपघातांची चौकशी करत. समोरच्याचं बोलणं ऐकताना ते डोळे मिटून घेत, तसे त्यांनी आताही मिटले.

"मी कस्तुरा बनसोडे. तामलवाडीच्या उपकेंद्रात नर्स आहे. काल दुपारी मी सायकल चोरली आणि दरीत फेकली म्हणतात. संध्याकाळपर्यंत माफी मागून उद्याच्या शर्यतीतनं नाव काढलं तर मिटवतील. न्हाय तर पोलिसात देणार. म्हंजे माझी नोकरी गेली."

"माफी मागणार?"

"न केलेल्या गोष्टीची? न्हाय."

तुळजापूरच्या एका दूध संघानं सायकल शर्यत ठेवली होती. तामलवाडीपासून घाट चढून तुळजापूर. १९८७ चा मे महिना होता. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, जनावरं छावणीत होती, दूध आटलं होतं. तरी अध्यक्षांनी शर्यत सोडली नाही, कारण त्यांचा पुतण्या बसवराज दरसाल जिंकत होता. त्याचीच किमती रेसची सायकल काल संघाच्या शेडमधून नाहीशी झाली आणि घाटातल्या मधल्या वळणावर दरीत सापडली. वळणावरच्या लिंबाला टेकून कस्तुराबाईंची सायकल उभी होती.

"तुमची सायकल तिथं कशी?"

"उपकेंद्राच्या ओट्यावरनं कुणीतरी नेली. मी पायी एका वस्तीवर गेले होते."

"कुणाकडे?"

"एका बाईकडं. तिनं घरच्यांच्या चोरून मला बोलावलं होतं. तिचं नाव मी सांगणार न्हाय. तुरुंगात गेले तरी."

माणिकप्पांनी डोळे उघडले. "ज्ञानोबा, तुळजापूरची गाडी कधी आहे?"

*

दोन्ही सायकली संघाच्या एका खोलीत कुलूपबंद होत्या. राखणदार पिराजीनं कुलूप काढलं. उंचापुरा, ताडासारखा माणूस.

"जीपमधनं आणल्या त्या थेट हितंच," तो म्हणाला. "मंग कुणी हात लावला न्हाय. किल्ली माझ्या कमरंला."

ज्ञानोबांनी कस्तुराबाईंच्या सायकलीभोवती फेरी मारली. रेसची हलकी फ्रेम, खाली वळलेला दांडा, पुढचं चाक बारीक. मागचं मात्र जाडजूड, खाचांच्या टायरचं.

"हे कसलं?"

"एक परदेशी पाहुणा डोंगरी सायकलीवरनं निघाला होता. अणदूरपाशी ट्रकनं त्याची फ्रेम मोडली. उरलेलं सामान त्यानं मला देऊन टाकलं," कस्तुराबाई म्हणाल्या. "मागचं चाक, गिअर आणि सीट त्याची. बाकी सोलापूरच्या जुन्या बाजारातलं. दोन्हीचं माप जुळवायला मला सारा हिवाळा लागला. नुसत्या रेसच्या सायकलीवर घाट चढत न्हाय, नुसत्या डोंगरी सायकलीवर सडकंला वेग येत न्हाय. मला दोन्ही पाहिजे होतं."

माणिकप्पा चेनकडे बघत होते. ती मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चाकावर होती.

"तुम्ही अशीच ठेवता?"

"न्हाय. मोठं चाक चढावाला. उभी करताना मी लहानावर टाकते, म्हंजे गिअरच्या तारंला ताण राहत न्हाय."

"जरा बसून दाखवा."

कस्तुराबाईंनी टांग टाकली. त्यांचे पाय हवेत राहिले, टाचा पायडलला पोचेनात. सीटखाली एक लहान खटका होता. तो उघडून त्यांनी पान्याशिवायच सीट चार बोटं खाली घेतली.

"आता तुम्ही चालवा, पिराजी. अंगणात. घाट चढताना करतात तसा गिअर बदलून दाखवा."

पिराजीनं पायडल थांबवून गिअरचा खटका ओढला. पुन्हा पाय मारताच चेन खडखडून निसटली. "आमी साध्या सायकलीवालं," तो ओशाळून म्हणाला. "काल दुपारी डोळा लागला व्हता माझा. त्येवढा गुन्हा हाय."

मोडलेली सायकल कोपऱ्यात पडली होती. माणिकप्पा तिच्यापाशी उकिडवे बसले. वाकड्या चाकांच्या तारा गंजून तांबड्या झाल्या होत्या. ब्रेकची रबरं रिमवर न टेकता टायरला घासत होती.

*

सायकल दुकानदार शरणबसप्पा शर्यतीचे पंच होते. उंचीनं कस्तुराबाईंएवढेच. वरच्या फळीवरची ट्यूब काढायला ते स्टुलावर चढले.

"बाईवर माझा राग नाही," ते वरूनच म्हणाले. "पण असली दोन जातींची सायकल शर्यतीत नको, हे मी पहिल्यापासून सांगतोय."

"गिअरचं काम तुम्हाला येतं?"

"या भागात गिअरची सायकल दोघांकडं. बसवराज आणि ही बाई. बसवराजची मीच बघतो. परवा बघितली, चाकं आरशासारखी. हलकी, मुंबईहून मागवलेली."

बसवराज घरीच भेटला. सहा फुटी, पोलादी अंगाचा तरुण. तो माणिकप्पांच्या नजरेला नजर देत नव्हता.

"काल दुपारी झोपलो होतो. तिची सायकल? मी कधी हातसुद्धा लावला न्हाय तिला."

"सराव कधी करता?"

"रोज सकाळी. घाटात."

"कस्तुराबाईही तेव्हाच करतात?"

"असतील," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर ज्ञानोबांनी ठाम मत दिलं. "शरणबसप्पाच. सायकलीवर राग, आणि गिअर येतात."

माणिकप्पा संघाच्या दिशेनं चालू लागले.

*

संध्याकाळी संघाच्या सभागृहात सगळे जमले. अध्यक्षांनी माफीचा कागद टेबलावर ठेवला. कस्तुराबाईंनी तो दोन बोटांनी परत सरकवला.

"तुमचं म्हणणं असं," माणिकप्पा उभे राहिले. "बाई आपल्या सायकलीवर बसल्या, दुसरी एका हातानं धरून इथून घाट उतरल्या, ती दरीत ढकलली आणि संघाची जीप आली म्हणून आपली सायकल तिथंच सोडून पळाल्या. पण काल सापडलेल्या त्या सीटवरून त्यांचे पाय पायडलला पोचत नाहीत. सापडल्यापासून सायकलीला कुणी हात लावलेला नाही. म्हणजे काल ती चालवणारा माणूस उंच होता. शरणबसप्पा, तुम्ही सुटलात."

शरणबसप्पा थंडपणे म्हणाले, "मी अडकलो कधी होतो?"

"चेन मोठ्या दातेरी चाकावर होती. सायकल खालून, तामलवाडीहून, घाट चढून वर आणली गेली. चढावर गिअर बदलायला सवयीचा हात लागतो. पिराजी उंच आहेत, पण त्यांच्या हातून सपाट अंगणात चेन पडली. उंच आणि गिअर येणारा असा या भागात एकच आहे."

"माझा पुतण्या स्वतःची सायकल मोडेल?" अध्यक्ष उसळले.

"मोडली. पण चाकं वाचवली. दरीतल्या चाकांना गंज आहे. एका दिवसात, तेही पाण्याचा थेंब नसलेल्या दरीत, गंज चढत नाही. ती चाकं साध्या सायकलीची आहेत, म्हणून ब्रेक रिमवर बसत नाही. चोर चाकं बदलत बसत नाही. जिवापाड जपलेली चाकं दरीत टाकवत नाहीत ती फक्त मालकालाच. भंगाराची बसवून सायकल ढकलली, कुठल्यातरी ट्रकनं खाली गेला, बाईंची सायकल घेऊन वर आला. कस्तुराबाईंनी उघडपणे दोन सायकली एक केल्या. यानं लपून केल्या."

बसवराज जागेवरून उठला.

"माझ्या खाटंखाली हायत चाकं," तो म्हणाला. "तीन आठवडे ती घाटात माझ्या पुढं जात होती. एकदाबी मागं वळून बघितलं न्हाय तिनं. गाव काय म्हणलं असतं?"

"मी दम सांभाळत होते, बसवराज," कस्तुराबाई म्हणाल्या. "तुझ्याकडं बघायला सवड नव्हती."

अध्यक्षांनी कागद फाडला. थोड्या वेळानं ते उठले. "पाणीटंचाई बघता उद्याची शर्यत रद्द."

*

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई तरीही तामलवाडीच्या वेशीवर सायकल घेऊन उभ्या होत्या. कमान नव्हती, मंडप नव्हता. नाव दिलेले सात जण झाडाखाली घुटमळत होते. त्यांतला एक पुढं आला, मग दुसरा, आणि हळूहळू सगळे रांगेत लागले.

शरणबसप्पा मोटारसायकलवरून उतरले. त्यांच्या हातात निशाण होतं.

"सायकल मला अजून पटलेली नाही," ते कस्तुराबाईंना म्हणाले.

"नका पटवून घेऊ."

त्यांनी निशाण खाली केलं.

घाटाच्या माथ्यावर ज्ञानोबा उन्हात डोळ्यांवर हात धरून उभे होते. शेवटच्या वळणावर आधी नुसती धूळ दिसली, मग पांढरी साडी, कमरेला कसून खोचलेली. मागं बऱ्याच अंतरावर बाकीचे.

सोमवारी संघानं कळवलं, शर्यत झालीच नाही, तेव्हा कप कुणालाच नाही. कस्तुराबाई फेरीवर निघाल्या होत्या. त्या मुद्दाम संघाच्या दारात थांबल्या, लसींची पेटी मागं बांधलेली, एक पाय जमिनीवर.

"कप ठेवा तुमच्याकडंच," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "पुसत जावा अधनंमधनं. मी दरसाल येणार हाय."