डावीकडचा पाय

शनिवारी दुपारी सिस्टर गाडी आणायला निघाली, तेव्हा तिला भीती अशी कसली वाटत नव्हती. होती ती नुसती घाई. सव्वीस वर्षं नोकरी केल्यावर डोंगरावरच्या दवाखान्याची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली होती. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला होता, "वर बस जात नाही. गाडी चालवता येते ना?" सिस्टरने पापणीही न लववता उत्तर दिलं होतं, "येते की." सोमवारी सकाळी नऊला लसींची पेटी घेऊन ती वर पोचली नसती, तर ती जागा दुसऱ्याला गेली असती, आणि तो दुसरा केव्हाचा दारात ताटकळत उभा होता.

'येते की' याचा अर्थ इतकाच, की लायसन्स होतं. वीस वर्षांपूर्वी ती मास्तरांकडे गाडी शिकली होती. निम्मं शहर त्यांच्याकडेच शिकलं होतं. त्यांच्या गाडीला डावीकडेही क्लच आणि ब्रेकचं पेडल होतं, आणि मास्तरांचा उजवा पाय त्या ब्रेकवरून कधी हलायचा नाही. वळण आलं, कुत्रं आडवं गेलं, शिकणाऱ्याला घाम फुटला, की गाडी अलगद थांबायची. सिस्टर विचारायची, "मास्तर, ब्रेक तुम्ही मारलात ना?" मास्तर समोर बघत म्हणायचे, "छे. तूच मारलास." हे ते सगळ्यांनाच सांगायचे. माझ्या हाताखाली तीस वर्षांत एक अपघात नाही, अशी त्यांची बढाई होती आणि ती खरीही होती. फक्त त्यांच्याकडून शिकून बाहेर पडलेला माणूस पहिल्या आठवड्यात कुठे ना कुठे ठोकायचाच. सिस्टरने तर तेवढीही वाट पाहिली नाही. परीक्षेच्या दिवशी साहेब शेजारी पायावर पाय टाकून बसले होते, समोर भिंत आली, आणि ब्रेक आपोआप लागेल म्हणून ही स्वस्थ बसून राहिली. लायसन्स दुसऱ्या खेपेला मिळालं, पण त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

आता मात्र महिनाभर दवाखान्याच्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने तिच्याकडून मोकळ्या मैदानावर घोटून घेतलं होतं. बाहेरगावाहून आलेला, कमी बोलणारा माणूस. त्याचं एकच पालुपद असायचं, "सिस्टर, उताराला ब्रेकवर बसायचं नाही. गिअर खाली घ्यायचा. गाडीला गाडीच धरते."

आणि विकायला होती ती नेमकी मास्तरांची गाडी. मास्तर चार महिन्यांपूर्वी गेले होते. त्यांच्या बाईंनी अंगणात उभी असलेली ती छोटी पांढरी गाडी दाखवली, चावी हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "गाडी गरीब आहे. कधी त्रास देणार नाही." मग थोडं थांबून, गाडीकडे न बघता, "डावीकडे मात्र कुणाला बसवू नका. त्यांना ते खपायचं नाही."

सिस्टरला वाटलं, बाई अजून दुःखातून सावरलेल्या नाहीत. तिने मान डोलावली.

गाडी तिने त्या ड्रायव्हरकरवी थेट गॅरेजात पोचवली. तिथल्या मेकॅनिकला सगळे पान्या म्हणत, कारण जेवतानाही त्याच्या खिशातून एखादा पाना डोकावत असायचा. त्याने संध्याकाळपर्यंत ऑइल बदललं, चारही चाकांचे ब्रेक लायनर नवे टाकले आणि डावीकडची दोन्ही पेडलं दांड्यांसकट काढून सिस्टरच्या पायाशी ठेवली. "घ्या ताई. आता गाडीची मालकीण एकटी तुम्ही."

रविवारी सकाळी तिने आईला फिरवायला नेलं. आईला मागे बसवलं; का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही. गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाला मध्ये आला. सिस्टरचा पाय ब्रेककडे निघाला, पण तो पोचायच्या आत गाडी थांबली होती. अलगद, पोटातलं पाणीही न हलता. पुढच्या चौकात तेच. शाळेच्या वळणावर तेच. तिने मुद्दाम पाय मागे घेऊन बघितलं, तर ब्रेकचं पेडल आपलं आपण खाली गेलं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि सावकाश वर आलं.

"किती छान चालवतेस गं," आई मागून म्हणाली. "उगाच घाबरत होतीस इतकी वर्षं."

गाडीत एक वास भरत चालला होता. गुडघ्याला चोळायच्या बामाचा. तीस वर्षं एकाच पेडलवर पाय ठेवून मास्तरांचा उजवा गुडघा धरला होता आणि ते सकाळ-संध्याकाळ बाम चोळायचे, हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आईला घरी सोडून ती तशीच पान्याकडे गेली. त्याने डावीकडचं पायपुसणं उचललं, खालचा पत्रा बॅटरी मारून दाखवला. तिथे बोल्टांची चार भोकं होती, बाकी काही नव्हतं. त्याने दुसऱ्यांदा बघितलं. मग उकिडवा बसूनच हात पुसत राहिला.

"ताई, मास्तर कसे गेले ते ठाऊक आहे?"

"गाडीत गेले म्हणतात. हार्ट अटॅक."

"बँकेतले एक साहेब शिकत होते. मैदानात फेऱ्या चालल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच फेरीत गेले असणार..." पान्याचा आवाज उतरला. "साहेबांनी त्यानंतर तीन फेऱ्या मारल्या. ब्रेक वेळेवर लागत होते, म्हणून त्यांना कळलंच नाही."

बाहेर कुणीतरी टायरात हवा भरत होतं.

"ताई, ही परत करा. दुसरी बघू. महिन्याभरात चांगली मिळवून देतो."

"मला उद्या नऊला वर पोचायचंय."

पान्या उभा राहिला. "चढताना काही व्हायचं नाही. उतरताना सांभाळा. डोंगरभर कुणी ब्रेकवर पाय ठेवून बसलं, तर नवे लायनरसुद्धा टिकत नाहीत."

त्या रात्री तिला झोप लागली, याचं तिलाच नवल वाटलं. सोमवारी सकाळी गाडीने मुकाट्याने डोंगर चढला. नऊला दहा मिनिटं असताना लसींची पेटी दवाखान्याच्या फ्रीजमध्ये होती, आणि सिस्टर आपल्या नव्या खुर्चीवर बसली होती. दिवसभर पेशंट होते. तीन वाजता रांग संपली, आणि तिने खिडकीबाहेर बघितलं तर समोरचा डोंगर दिसत नव्हता. धुकं उतरलं होतं.

रखवालदार म्हणाला, थांबा सकाळपर्यंत. पण सकाळी लसींची दुसरी पेटी खालूनच आणायची होती. आज धुक्याला भिऊन वर राहिलो, तर उद्या कशालाही भिऊन खाली राहू, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती निघाली.

पहिल्या दोन वळणांना काही झालं नाही. काचेपुढे पांढरं, दोन्ही बाजूंना पांढरं, आणि बोनेटच्या पुढे हातभर काळा रस्ता. वायपर करकरत होते. तिसऱ्या वळणाआधी बामाचा वास आला. ब्रेकचं पेडल खाली गेलं, आणि ह्या वेळी ते वर आलं नाही.

गाडी रखडत उतरू लागली. तिने पेडलखाली पायाचा चवडा घालून ते उचलायचा प्रयत्न केला. वरून दाब होता, जिवंत, थोडासा थरथरणारा. पाचव्या वळणावर बामाच्या वासात दुसरा वास मिसळला, जळक्या लायनरचा. सातव्या वळणावर कुठेतरी चाकाशी चर्र असा आवाज झाला, आणि रखडत चाललेली गाडी हळूहळू सुटू लागली. पेडल अजून खालीच होतं. पण आता त्याला जोर नव्हता. ब्रेक तापून बसले होते, आणि डावीकडे दगडी कठड्याच्या पलीकडे नुसतं पांढरं होतं.

सिस्टरने बाजूला बघितलं नाही. सीटचा स्पंज मात्र कुणीतरी सावरून बसावं तसा कुरकुरला.

"मास्तर," ती म्हणाली. आवाज आपलाच आहे की नाही, हे तिला कळेना. "ब्रेक कोण मारतंय?"

"...तूच." डावीकडून, अगदी हळू.

सव्वीस वर्षं तिने मरणाऱ्यांच्या उशाशी बसून काढली होती. खोटं बोलणाऱ्या पेशंटला कसं विचारायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"खरं सांगा. वीस वर्षांपूर्वी कोण मारत होतं?"

वायपर चार वेळा गेले आणि आले.

"...मी."

"मग मला शिकवलंत काय?"

"...भीती वाटायची गं."

"मी ठोकेन म्हणून?"

"...नाही. मला गाडीचीच भीती वाटायची. पहिल्यापासून."

सिस्टरला एकदम रडू यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही. तीस वर्षं हा माणूस रोज सकाळी उठून जिची धास्ती घेतली होती तिच्यातच बसत होता, आणि त्याची धास्ती सगळ्या शहराने शिकवणी म्हणून घेतली होती. तिला त्याची दया आली. पण गाडी वेग घेत होती, आणि दयेपोटी दरीत जायची तिची तयारी नव्हती.

"मास्तर, पाय काढा."

"...पडशील."

"ब्रेक जळलेत. तुमच्या पायाने पडेन. काढा पाय. गाडी मी उतरवते."

पेडल खाली होतं. आठवं वळण धुक्यातून अंगावर आलं. मग तिला स्पष्ट जाणवलं, तीस वर्षांत पहिल्यांदाच तो पाय उचलला गेला. पेडल टक्कन वर आलं.

तिने क्लच दाबून गिअर दुसऱ्यात घातला. इंजिनाने मोठ्याने तक्रार केली, गाडीला आचका बसला, आणि वेग कमी झाला. वळण निघालं. मग पहिला गिअर. गाडीने गाडीला धरलं. पुढच्या, कठडा तुटलेल्या वळणावर ती माणसाच्या चालीने उतरत असताना डावं दार उघडलं. धुक्याचा गार झोत आत आला. दार पुन्हा लागलं, घरातलं कुणी झोपलेलं असताना लावावं तसं हळू. गाडी हलकी झाल्याचं तिला हातात कळलं.

उरलेली एकोणीस वळणं तिने एकटीने उतरवली. त्यातल्या तिसऱ्या वळणापासून ती मोठ्याने गात होती, बेसूर, आणि ऐकायला कुणी नव्हतं म्हणून आणखी मोठ्याने. पान्याने चाकं उघडली तेव्हा लायनर कोळशासारखे काळे होते. त्याने त्यांच्याकडे आणि मग तिच्याकडे बघितलं. "ताई, ही गाडी खाली आणली कुणी?"

"मी," सिस्टर म्हणाली. हा शब्द तिला इतका आवडला की तिने तो घरी जाऊन आईलाही ऐकवला.

गाडीने पुन्हा कधी आपला आपण ब्रेक मारला नाही. दवाखाना सिस्टरचा झाला, तो कायमचा. वर्षभरात ती डोंगर असा उतरू लागली की वरच्या वस्तीतले लोक तिच्या गाडीच्या आवाजावर घड्याळ लावत. दारात ताटकळणाऱ्या त्या दुसऱ्याने स्वतःहून बदली मागून घेतली.

मग दवाखान्याला नवीकोरी अँब्युलन्स आली. आठ दिवसांनी तिला शिकवणारा तोच ड्रायव्हर चावी घेऊन तिच्या टेबलापुढे उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सिस्टर, तुटक्या कठड्यापाशी गाडी बोंबलायला लागते. डाव्या सीटवर माणूस आहे, त्याने बेल्ट लावलेला नाही, असा दिवा लागतो. सीट रिकामी असते. खाली पोचेपर्यंत वाजत राहतं."

"कंपनीच्या माणसाला दाखवलंस?"

"दाखवलं. त्याने सेन्सर बदलून दिला. तो माणूस माझ्याबरोबर उतरला... आता फोन उचलत नाही."

सिस्टरने हात पुढे केला. "चावी दे."

दुपारची स्वच्छ, उन्हाची वेळ होती. ड्रायव्हर मागे स्ट्रेचरशेजारी बसला. तुटक्या कठड्याच्या वळणावर तिने गिअर खाली घेतला, आणि गाडी किंचित दबली. डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागला. पीं, पीं, पीं.

सिस्टर समोर बघत होती. तिचा पाय पेडलवर नव्हता आणि पेडलही जागचं हललं नव्हतं. तिला बरं वाटलं. एवढं तरी मास्तर शिकले म्हणायचे.

"बसा मास्तर," ती म्हणाली. "पण बेल्ट लावा."

मागून ड्रायव्हरने जे पाहिलं ते तो आजही कुणाला सांगत नाही. डाव्या सीटचा काळा पट्टा सावकाश पुढे ओढला गेला, एका रिकाम्या छातीवरून गोलाई घेऊन आडवा झाला, क्षणभर खाच चाचपडत राहिला आणि खटकन लागला. दिवा विझला. सिस्टरने दुसरा गिअर टाकला.