एकेक बाजू कमी

नाहूरच्या त्या इमारतीत दिवाळीचा कंदील शिवदास परबांच्या हातचाच लागायचा. यंदा अर्धांगवायूने त्यांच्या उजव्या हाताची मूठ वळली ती सुटेचना. "माझो कंदील गेलो," म्हणत म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडे. फिजिओथेरपिस्ट केतनला ते बघवत नसे. रबरी चेंडू दाबायला ते तयार होईनात, तेव्हा त्याने पुठ्ठा आणि डिंक आणला. आधी सहा बाजूंचा ठोकळा.

"जड गेलं तर एकेक बाजू कमी करत जा, काका," तो चपला घालता घालता म्हणाला. कुठे थांबायचं, ते सांगायचं राहूनच गेलं. शिवदास जन्मभर कारखान्यात फिटर. सांगितलं ते केलं, असा खाक्या.

ठोकळा वेडावाकडा झाला, पण करंगळी सुटली. मग चौकोनी बुडाचा, पाच बाजूंचा मनोरा; आणखी एक बोट. चार त्रिकोणांचा तर झकासच जमला. त्याहून कमी सपाट बाजूंत घनाकृती बंदच होत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणजे आता पुन्हा वर चढायचं, केतनने ठरवलं.

पुढच्या खेपेला शिवदासांच्या बायकोने, शकुकाकूंनी हसतच दार उघडलं. "चारी बोटां सुटली रे! फक्त आंगठो रवलो."

खिडकीत नवा ठोकळा होता. केतनने उचलला. बाजू सपाट, कडा सरळ, फट कुठेच नाही. त्याने पेन्सिलीने आकडे घातले. एक, दोन, तीन. पुढे बोट फिरवलं, तर ते पुन्हा एकवर आलं.

"काका, हे होऊच शकत नाही."

"तूच सांगलंस मा, एकेक कमी करा म्हणून?"

केतनने ठोकळा परत खिडकीत ठेवला. 'आता बस्स' अगदी ओठांवर होतं. पण म्हाताऱ्याची चार बोटं पुठ्ठ्यासाठी पुढे आली होती, आणि काकू त्या बोटांकडे देव्हाऱ्याकडे बघावं तशा बघत होत्या. नाही म्हणायला जीभ रेटेल कशी? दिला बापड्याने पुठ्ठा.

धनत्रयोदशीच्या दुपारी तो आला, तर शिवदास गॅलरीत स्टुलावर उभे. कंदिलाची दोरी उजव्या हाताच्या चिमटीत धरून घट्ट गाठ मारत होते. केतनचे डोळे भरून आले.

"काका, दोनचा झाला?"

"झालो. थंय टेबलार."

टेबलावर नुसता पातळ पुठ्ठा होता. केतनला हायसं वाटलं.

त्याने एक बाजू पाहिली. उलटून दुसरी पाहिली.

मग बॅगेत ठेवायला उभा केला, तेव्हा आतून काहीतरी घरंगळत खाली आलं.