तारेवरचा पांढरा शर्ट

पोछा पिळण्याआधी खाली बघावं, एवढी साधी गोष्ट गंधालीला त्या रविवारी सुचली नाही. तिनं गॅलरीच्या कठड्याबाहेर हात काढले, होता नव्हता तेवढा जोर लावून पिळला... आणि खालून आवाज आला —

"अर्रर्र!"

तिनं वाकून पाहिलं. खाली निखिल उभा होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्यावर खांद्यापासून खिशापर्यंत काळं पाणी!

निखिल म्हणजे खालच्या कृषी सेवा केंद्राचा मालक, जवळच्या टेंभुर्णी गावचा. गंधालीला जालन्याहून जाफराबादच्या शाळेत विज्ञान शिकवायला येऊन चार महिने झाले होते. रोज सकाळी त्याच्या शटरचा आवाज झाला की हिचा चहा गॅलरीत जायचा. तोही कुलूप काढताना एकदा वर बघायचा, उगाच. पण चार महिन्यांत दोघांत एका शब्दाचं बोलणं नाही. आणि आज बोलायची वेळ आली ती अशी!

"सॉरी, सॉरी! थांबा, मी आले!" पोछा हातात घेऊनच ती जिना उतरली.

"आज पावसाचा अंदाज तं नव्हता," शर्टाकडे बघत तो म्हणाला. डोळे मात्र हसत होते.

"द्या तो शर्ट. आत्ता धुऊन देते."

"बारा वाजता जीप यिऊन राह्यली. आत्यासंगं जालन्याच्या पुढं अंकुशनगरला जायचंय." तो जरा थांबला. "पोरगी बघायला."

"अरे वा," गंधाली म्हणाली. एवढंसं 'अरे वा' म्हणायला इतकं जड जातं, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

दुकानामागच्या अंगणात हौद होता. निखिल आत जाऊन बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेला पिवळा टीशर्ट घालून आला. पाठीवर छापलेलं हे एवढं कापसाचं बोंड. गंधालीनं हसू दाबत शर्ट पाण्यात घालायला घेतला.

"ओ म्याडम, चोळू नका! काळी माती हाय ती. वली चोळली की धाग्यात जाऊन बसती. वाळू द्या, मंग झटका."

शर्ट तारेवर गेला.

"आणि तोवर?"

"तोवर ह्याचं बघू." त्यानं पोछा उचलून उन्हात धरला. "ह्यानं तुम्ही फरशी पुसता का रंगवता?"

गंधाली लाजून लाल झाली. सगळ्या पावसाळ्याचा चिखल त्या दोऱ्यांत मुरला होता. पुसल्यावर फरशी जास्तच काळी व्हायची, म्हणून तर ती चिडून पिळत होती! ती तडक वर पळाली. कढत पाणी, खायचा सोडा, दोन लिंबांचा रस घेऊन आली आणि सगळं एकदम बादलीत ओतलं. फसफसून फेस काठापर्यंत चढला.

"बघा!" ती टाळी वाजवत म्हणाली.

"फेस भारी हाय," निखिल गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "पण आठवीच्या पोरांना काय शिकवता, म्याडम? सोडा आन् लिंबू एकमेकाला भेटले की मागं काय उरतं?"

गंधालीचे हात हवेतच राहिले. "...पाणी. आणि क्षार."

"मंग मळ कोण काढणार?"

ती कपाळावर हात मारून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. ते बघून तोही हसला. "उत्साह चांगलाय तुमचा. फकत एक आधी घालायचं, दुसरं नंतर."

दुसऱ्यांदा कढत पाण्यात नुसता सोडा पडला आणि पोछा अर्धा तास बुडवून ठेवला. दोघं हौदाच्या काठावर बसले. मधे बादली.

"तुम्ही चहाला फुंकर लई वेळ मारता," तो एकदम म्हणाला.

म्हणजे याला सगळं दिसत होतं! "मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? खत पायजे का म्हणू?"

बादलीतलं पाणी शाईसारखं झालं होतं. ते ओतलं, पोछा धुतला, मग लिंबाच्या पाण्यात बुडवला, पुन्हा खळबळून काढला... आणि आतून दोरे निघाले पांढरे!

"हा पांढरा होता?" गंधालीनं उडीच मारली. "मला वाटलं, मी राखाडीच आणला होता!"

शर्टाचंही तसंच झालं. झटकला, सोड्यात, मग लिंबात. ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. पावणेबाराला शर्ट कोरडा ठणठणीत. गंधालीनं तो उजेडात धरून शिवणीपर्यंत तपासला. कुठंतरी एखादा डाग राहिलेला सापडावा असं तिला मनापासून वाटत होतं. पण नव्हता. आता हा शर्ट त्याच्या अंगावर चढणार आणि तो जीपमध्ये बसून दुसरीला बघायला जाणार.

रस्त्यावर हॉर्न वाजला.

"वाळला का?" त्यानं विचारलं. आवाजात घाई बिलकुल नव्हती.

गंधालीनं त्याच्याकडे पाहिलं आणि शर्ट स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवला.

"डाग होता," ती पुटपुटली.

"कुठं?"

"मला... दिसत होता."

निखिलचे कान लाल झाले.

"आरं, जीप उभी हाय! आन् हे काय घातलंस?" त्याची आत्या, उषाबाई, कंबरेवर हात ठेवून दारात उभी होती.

"आत्या, शर्ट वला हाय."

"मंग दुसरा घाल की!"

"शर्टाचं न्हाई, आत्या..." त्यानं मोठा श्वास घेतला. "आत्ताच फोन करून त्यांची माफी मागतो. त्या पोरीला उगं तयार करून बसवायचं न्हाई. माझं मन चार महिने झाले, हितं वरच्या गॅलरीत हाय."

उषाबाईंनी गंधालीकडे पाहिलं. कोपरापर्यंत फेस, कपाळाला सोडा. मग तारेवरचा पोछा बोटांनी चाचपला. "ह्यो कुणी धुतला?"

"दोघांनी," दोघंही एकदम म्हणाले.

"हं. पोरी, तुझं माहेर कुठलं?"

"जालना."

"बराबर वाटंवर हाय. जीप सांगितलेलीच हाय, चला जल्दी, तुझ्या आईबापाला भेटू!"

"आत्या, एक आधी, दुसरं नंतर," गंधाली धीर करून म्हणाली. "आधी यांना मला विचारू द्या."

निखिल पुढं आला. "गंधाली..." 'म्याडम' हा शब्द कुठल्या कुठं पळाला. "येऊ का मी तुझ्या घरी?"

तिनं शर्ट हलकेच पिळला, या वेळी खाली बघून, आणि तारेवर पोछ्याशेजारी पसरला.

"या ना. पण हा वाळला की. त्या बोंडावर बाबा हो म्हणायचे नाहीत!"

उषाबाई रस्त्याकडे वळून ओरडल्या, "ओ जीपवाले, घंटाभर थांबा!"