रांगेत थांबलेला कॅनेडियन

अमेरिकेत, रेडमंडच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये, भुरभुर पावसात, रिव्हर्स घेताना मी त्याच्या गाडीला धडकले. गाडी उभी होती, तो आत बसला होता, चूक सगळी माझी... आणि खाली उतरून तोच म्हणाला, “सॉरी हं. तुम्हाला लागलं नाही ना?”

मी बघतच राहिले. आमच्या नागपुरात एवढ्यावरून अर्धा चौक गोळा झाला असता.

हा शंतनू. आईवडील मराठी, पण जन्मला-वाढला कॅनडात, विनिपेगला. आमच्याच ऑफिसात होता. आम्ही स्वेटरवर कोट चढवायचो तेव्हा हा अर्ध्या बाह्यांत. दार धरून उभा राहिला की मागची सगळी माणसं आत जाईपर्यंत स्वतः बाहेर.

“तिकडे बर्फाच्या घरात राहता का रे?” मी छळायचे.

“हो ना. सकाळी अस्वलाला दूध घालायचं, मग शाळेत जायचं.”

“आणि कॅनेडियन म्हणजे नक्की काय?”

त्याने बराच विचार केला. “म्हणजे... अमेरिकन नाही.”

मी त्याच्या प्रेमात पडले होते. पण हा गडी काही बोलेना — डोळ्यांत सगळं, आणि तोंडात फक्त हवामान.

२००७च्या अमेरिकन वर्क व्हिसाच्या लॉटरीत माझा नंबर लागला नाही. कंपनीने मला व्हँकुव्हरला पाठवायचं ठरवलं. म्हणजे मी चालले कॅनडाला, आणि हा राहणार अमेरिकेत. आता नाही बोलला तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

बॉर्डरपर्यंत सोडायला तोच आला. तिथे एक बाग आहे, मधोमध पांढरीशुभ्र कमान. दोन देश, आणि मधे साधं कुंपणही नाही. पोरं चेंडूमागे धावत परदेशात जात होती, परत येत होती. ज्या रेषेपायी माझी झोप उडाली होती, ती त्या गवतात दिसतसुद्धा नव्हती. मी थक्क होऊन उभी राहिले.

“यतीनने... विचारलं का तुला?” शंतनू हळूच म्हणाला. यतीन म्हणजे ऑफिसातला आमचा दोघांचा मित्र.

“काय?”

“लग्नाचं. विचारणार आहे म्हणाला होता. तो आधी होता, म्हणून मी थांबलो.”

“अरे, यतीनचा पुण्यात साखरपुडा झाला. पेढे खाल्लेस की तू.”

“कशाचे ते विचारलं नाही. बरं दिसलं नसतं.”

मला हसावं की त्याला बदडावं कळेना.

“मी राजीनामा दिलाय, आश्लेषा,” तो कमानीकडे बघत म्हणाला. “यतीन काही तिकडे येणार नव्हता. म्हटलं, व्हँकुव्हरमध्ये तुझं ओळखीचं कुणीतरी असावं.”

“आणि मी यतीनला हो म्हटलं असतं तर?”

“तर... तुमच्या लग्नात वाढायला आलो असतो.”

माझे डोळे भरून आले. असा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

“मला तू फार आवडतेस,” त्याचे कान लालभडक झाले होते. “तुझ्याबरोबर आलो तर... चालेल?”

“चालेल काय विचारतोस? चल,” मी म्हणाले, आणि त्या कमानीखाली, दोन देशांच्या देखत, त्याला घट्ट मिठी मारली.