गच्चीवरचे कैदी आणि पळणारं पाणी

धाड! गच्चीचं लोखंडी दार बंद झालं आणि पलीकडून कडी लागली.

"अहो काका! आम्ही वर आहोत!" चिमटी जिवाच्या आकांताने ओरडली. पण सेक्रेटरीकाकांच्या चपला फटक् फटक् करत केव्हाच खाली गेल्या होत्या. दिसेल ते दार लावायचं, दिसेल तो दिवा विझवायचा आणि मागे वळून पाहायचं नाही, अशी त्यांची शिस्त!

"आता काय गं ताई?" धाकटा ढब्बू रडवेला झाला. "संध्याकाळच्या मीटिंगमध्ये माळीकाकांना काढून टाकतील!"

ते थांबवायलाच तर ही दोघं भावंडं आणि शेजारचा 'वकील' अशी तिघं वर आली होती. रोज दुपारी इमारतीतलं पाणी संपायचं आणि सेक्रेटरीकाकांनी सगळं खापर माळीकाकांच्या डोक्यावर फोडलं होतं. झाडांना पाणी पाजून पाजून टाकी रिकामी करतो म्हणे! चिमटीला हे मुळीच पटलं नव्हतं. खरी भानगड टाकीतच असणार, असं तिला वाटत होतं.

त्यांनी दार बडवलं. वरच्या मजल्यावरची मंडळी गावाला गेली होती आणि खाली कुणीतरी ड्रिलने भिंत फोडत होतं. कोण ऐकणार? ऊन मी म्हणत होतं. टाकीच्या वीतभर सावलीत तिघं अंग चोरून बसली. इतकी मोठी गच्ची, पण चिमटीला माळ्यावर कोंडल्यासारखं गुदमरायला लागलं.

"कायद्याने असं कुणालाही कोंडता येत नाही," वकील म्हणाला. हे त्याचं टोपणनाव. तो होता सातवीत, पण वाद घालण्यात मोठ्यांना हार जायचा नाही.

"जा, दाराला सांग!" चिमटी फणकारली.

तेवढ्यात खालचं ड्रिल थांबलं आणि धो धो आवाज आला. टाकी भरून वाहत होती! खालच्या हौदातून चढवलेलं, दिवसभर पुरायचं पाणी जाड पाइपातून थेट मागच्या गटारात पडत होतं. तिकडे कोण कशाला बघतंय! आणि खालच्या न्हाणीघरातून सेक्रेटरीकाकांचं गाणं ऐकू येत होतं.

"पंप चालू करून काका अंघोळीला बसलेत!" चिमटी ओरडली. "हाच तो पाणीचोर! काका! ओ काका!"

काकांना ती वाहवा वाटली असावी. त्यांनी सूर आणखी चढवला.

चिमटीची नजर टाकीखालच्या पाइपांवर गेली. प्रत्येक घराचा वेगळा कॉक! त्यातल्या एकावर लाल अक्षरं होती : 'सेक्रेटरी. हात लावू नये.'

"लावायचा का हात?" ढब्बूने घाबरत विचारलं.

"संकटात चालतं," वकिलाने निकाल दिला.

कॉक भलताच घट्ट होता. तिघांनी लोंबकळून तो फिरवला. गाणं मध्येच तुटलं.

"अरे! पाणी कुठे गेलं? आत्ता तर पंप लावला!"

दोन मिनिटांत कडी वाजली. कमरेला टॉवेल, डोक्यावर फेसाचा डोंगर आणि एक डोळा मिटलेला, अशा थाटात काका दारात उभे राहिले. "कोण आहे रे तिकडे?"

चिमटीने नुसतं धो धो वाहणाऱ्या पाइपाकडे बोट दाखवलं. काका बघतच राहिले. मग पंप बंद करायला तसेच, टॉवेल सावरत, खाली धावले.

संध्याकाळी सगळ्यांसमोर ते खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी होती. माळी कुठेही जाणार नाही. पोरांनो, शाब्बास!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

माळीकाकांनी बांधून ठेवलेलं खुरपं पिशवीतून बाहेर काढलं आणि ते चिमटीसमोर येऊन उभे राहिले.

"उन्हात कोंडून पडलीस ना गं? रडलीस का?"

"छे!" चिमटी म्हणाली, आणि तिथेच, सगळ्या इमारतीदेखत, हुंदके देऊन रडायला लागली.