पस्तिसावा आवाज

१. टिटवी
२. कुंभारकावळा
३. कोल्हा

तालुक्यात कोणकोणती पाखरं-जनावरं आहेत याची यादी करायचं काम १८७९च्या हिवाळ्यात कचेरीने माझ्याकडे दिलं. बंदूक मला चालवता येत नव्हती. नकला येत होत्या. ऐकलेला आवाज मी गावोगाव काढून दाखवी. दोन गावच्या दोघांनी एकच नाव सांगितलं की नोंद पक्की.

बिऱ्हाड कळव्याला, खाडीकाठी. पत्नी जया साताऱ्याकडची. तिला इथे करमत नव्हतं. कपड्यांची पेटी अजून बांधलेलीच होती. संक्रांतीला दादा न्यायला येईल, परत यायचं की नाही ते मग बघू, असं ती न चिडता सांगे. तिने राहावं, एवढंच मला हवं होतं.

१८. पाणकोंबडी

ही नोंद रंगूबाईची. ती खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची. माझा कोल्हा ऐकून म्हणाली, "म्हातारा हाय तुजा कोल्हा, कारकुना. दात परलं त्याचं."

मी पोट धरून हसलो. चांगले दिवस होते ते.

३५.

खाडीकाठच्या तिवरांच्या रानातून भर दुपारी आला. टिटवीसारखा, पण शेवटी थांबणारा, काही विचारल्यासारखा. मी तो रंगूबाईला काढून दाखवला. तिने टोपली उचलली.

"नाव काय याचं?"

"नाव नाय. आमी त्याला ओ देत नाय."

"पण आवाज कुणाचा?"

"ज्याचा आयकंल त्याचा."

दुसऱ्या दिवशी तिवरांपुढे उभा राहून मी ओ दिली.

पलीकडून टिटवी बोलली. मग कुंभारकावळा. मग कोल्हा. माझ्याच यादीच्या क्रमाने.

कोल्हा म्हातारा होता.

"कोण आहे?" मी विचारलं. एवढंच बोललो.

३५. (खोडले)

पुढे पंधरा दिवस कल्याण, विठ्ठलवाडी, डोंबिवली. पहाटेच्या गाडीने जायचं, दिवेलागणीला परतायचं. जया अलीकडे गुणगुणत असे. मला बरं वाटे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी यादी संपली, म्हणून दुपारीच घरी आलो. पेटी रिकामी होती. लुगडी दांडीवर.

"अगं, दादा येणार ना?"

"नको म्हणून कळवलं. रोज दुपारी एवढं बोलणारं माणूस असल्यावर माहेरी कशाला जाऊ?" ती हसली. "आणि हे काय, मागच्या दाराने गेलात नि पुढून आलात?"

"मी?"

"पुरे आता. इतके दिवस परसात उभं राहून नकला करत होतात. आत या म्हटलं तर येत नव्हतात. आज जेवलात एकदाचे."

लग्नानंतर तिला इतकं सुखी मी पाहिलं नव्हतं.

खरं सांगायला तोंड उघडलं.

मिटलं.

पाटापुढे माझं ताट होतं, उष्टं. भाताला बोटं लागलेली नव्हती. तो कडेकडेने टिपलेला होता.

जयाने रिवाजाप्रमाणे त्याच ताटात स्वतःला वाढून घेतलं आणि समाधानाने पहिला घास उचलला.